तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ झाल्यावर तरी गेलं का ते?

खानापुरात हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी हळूच विचारतंच, "बाळ झाल्यावर तरी तुझं ते खाण्याचं दुखणं गेलं का गं?" मायेनं विचारतात, म्हणून खरं सांगते. गेलं नाही. मधे काही महिने थांबलं होतं.

बेळगावात कॉलेजला होते तेव्हापासून मला बुलिमिया आहे. भसाभस खायचं आणि मग घशात बोटं घालून सगळं काढायचं. दिवस राहिल्यावर बाळासाठी मी बोटं घालणं सोडलं. पण तिसऱ्या महिन्यात गरोदरपणाच्या उलट्या लागल्या आणि यातली कुठली आपोआप झाली, कुठली मी होऊ दिली, हे माझं मलाच कळेना.

तपासणीला गेलं की काट्यावर उभं करायचे आणि ताई कार्डावर लिहिताना आकडा कन्नडमध्ये मोठ्यानं म्हणायच्या, "अरवत्तेरडू." बासष्ट. तो दिवसभर कानात वाजायचा. सहाव्या महिन्यात आशाताईंना म्हटलं, मी काट्याकडे पाठ करून उभी राहते, आकडा मला सांगू नका. त्यांनी कारण विचारलं नाही. तेवढ्यानंही बरं वाटलं.

खरी घसरण बाळंतपणानंतर झाली. आई डिंकाचे लाडू, अळीवाची खीर पुढ्यात ठेवायची, "खा, दूध येईल." आणि भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, "पोट सुटलंय, पट्टा घट्ट बांध." बाळासाठी खाल्लं होतं, बाळ तर बाहेर आलं. आता कुणासाठी खायचं? पाचव्या आठवड्यात, रात्री नळ सोडून मी न्हाणीत ओकत होते आणि आत लेक रडत होती. नळाच्या आवाजातही तिचं रडणं ऐकू येत होतं.

हा आजार असलेल्या बाईला बाळंतपणानंतर नैराश्य आणि चिंता यांचा धोका जास्त असतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लसीच्या दिवशी बाळाचं वजन झालं, माझी चौकशी "दूध येतं का" एवढीच. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून एडिनबरो प्रश्नावली वापरतात. तिच्या १० प्रश्नांत खाण्याबद्दल एकही नाही. म्हणून आपणच सांगावं लागतं, आणि तेही दिवस राहिल्याबरोबर.

धारवाडला मानसोपचाराला गेले तेव्हा शब्द अडला. वांती मराठीत आणि कन्नडमध्ये एकच, पण वांती होते. मी ती करत होते. शेवटी बोट तोंडाकडे नेऊन दाखवलं. बाळ काढून घेतील या भीतीनं जायला तीन महिने लावले होते. तसं कुणी करत नाही. उलट बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २००९ पासून आई आणि बाळाला एकत्रच दाखल करून घेणारा विभाग आहे. धारवाडपर्यंत जाणं जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.

लेक आता दोन वर्षांची आहे. गेल्या चार महिन्यांत दोनदा झालं. दोन्ही वेळा ह्यांना त्याच रात्री उठवून सांगितलं.