एअरबॅगचा लाल दिवा आणि भंगारातलं मॉड्यूल

सेकंडहँड गाडी घेतली तेव्हापासून एअरबॅगचा दिवा काही विझेना. इग्निशन ऑन केलं की तो पाच-सहा सेकंद लागून विझायला हवा, हा बापडा कायम लागलेलाच. गॅरेजवाल्या दादांनी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड उडवला, दोन मिनिटांत परत हजर!

स्कॅनर नीट बघितला तर कोड साइड एअरबॅगचे, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त म्हणे. अरे पण माझ्या गाडीत साइड एअरबॅग आहेतच कुठे, दोनच तर आहेत पुढे! मग कन्सोल खोललं (आधी बॅटरी काढून दहा मिनिटं थांबलो, आत वीज साठवणारा कपॅसिटर चार्ज असतो, तिथे घाई नको), तर एअरबॅग मॉड्यूलच्या (एअरबॅग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) स्टिकरवरचा पार्ट नंबर टॉप व्हेरिएंटचा. त्यात साठवलेला व्हिन (गाडीचा ओळख नंबर) वाचला तर तोही भलत्याच गाडीचा. म्हणजे आधीच्या मालकाने भंगारातलं बसवलेलं, आणि ते बिचारं सहा एअरबॅग शोधत बसलंय.

लोक सांगतात वायरिंगमध्ये रेझिस्टर टाक, मॉड्यूलला वाटतं एअरबॅग आहे आणि दिवा विझतो. मला नाही पटत, दिवा विझला म्हणून एअरबॅग फुटेलच असं थोडीच आहे? आणि एअरबॅगच्या कनेक्टरला मल्टीमीटर तर चुकूनही लावू नका. शेवटी बरोबर पार्ट नंबरचं नवं मॉड्यूल घेऊन त्याचं कोडिंग करून (म्हणजे ते माझ्या गाडीला जुळवून) घेतलं, खिसा रिकामा झाला पण दिवा सहाव्या सेकंदाला गुल.