भजनाच्या वह्या आणि अंगणातले चिरे

पहाटे पाचला कपाट उघडलं आणि आत एकशेवीस पापड दिसले. निखाऱ्यावर धरल्यावर पापड कडा उचलतो ना, अगदी तसे. प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्याचे कोपरे बाहेर वळलेले. एक हातात घेतली, दाबून बसवली, सोडली. पुन्हा वर.

त्याच दिवशी संध्याकाळी सातला भजनी मंडळाचे काका वह्या न्यायला येणार होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या देवळात श्रावणातला सप्ताह बसायचा होता.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. घरातली बाळंतिणीची खोली हा माझा कारखाना. एक टेबल, एक कटर, स्टीलची पट्टी, दाभण आणि दोऱ्याला लावायचं मेण. बांधणी शिकले ती एका छापखान्यातल्या बाइंडरमामांकडे. मैद्याची खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही आणि बुरशीही लवकर धरत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मोरचूद विषारी, म्हणून माझं खळीचं पातेलं वेगळं. त्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली आहे आणि सासूबाई त्या पातेल्याकडे संशयानेच बघतात.

पावसाळ्यात गोव्यात हा धंदा करणं म्हणजे कागदाशी रोजचं भांडण. ताव सादळतात, खळ सुकत नाही, परवा कापलेला कागद आज मापात बसत नाही. म्हणून एका जुन्या कपाटात साठ वॅटचा बल्ब लावून ठेवलाय. चामड्याच्या चपला आणि माझ्या वह्या त्यातच राहतात.

काकांची ऑर्डर मोठी होती. १२० वह्या, प्रत्येकी ९६ पानं, आडव्या रेघा नकोत. "अभंग लिहायचे आहेत, हिशेब नाही," ते म्हणाले. एरवी माझ्या वह्यांना हातकागदाचं कव्हर असतं. पुण्यात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, तिथून आणलेले ताव मी जपून वापरते. त्या कव्हराची वही २२० रुपयांना पडते. काकांनी १५० वर आणली. मग मी गिरणीचा कागद घेतला, २० बाय ३० इंचाचा ताव, चाळीस रुपयांना एक. त्यावर लिनोच्या ठशाने लाल-तपकिरी वेलबुट्टी छापली, आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं तशी.

एका कव्हराला १४ बाय १० इंचाचा तुकडा लागतो. ताव एका बाजूने धरला तर त्यात तीन बसतात, फिरवून धरला तर चार. नक्षी कशीही धरली तरी सारखीच दिसत होती. चाळीस तावांचं काम तीस तावांत झालं, चारशे रुपये वाचले. त्या रात्री मी नवऱ्याला हे दोनदा सांगितलं.

आता पहाटे त्याच कापणीचा उरलेला एक चौकोनी तुकडा घेतला. तावाची लांब बाजू कोणती ते त्यावर पेन्सिलीने बाण काढून ठेवलेलं होतं. एका बाजूने ओलं बोट फिरवलं. क्षणात त्याची नळी झाली, बाणाला समांतर. म्हणजे ग्रेन, कागदातल्या तंतूंची दिशा, तावाच्या लांबीला, आणि मी फिरवून कापल्यामुळे वहीवर तो आडवा गेलेला.

लाकडाला रेषा असतात तशी गिरणीच्या कागदालाही दिशा असते. यंत्रावर लगदा पुढे सरकत असतो, म्हणून तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात. ओला झाला की कागद त्या दिशेला आडवा फुगतो, सुकला की तसाच आकसतो. म्हणून पुठ्ठा, कव्हर, आतलं अस्तर, सगळ्यांचा ग्रेन वहीच्या कण्याला समांतर हवा. मग बाहेरचा कागद जेवढा ओढतो तेवढंच आतलं अस्तर उलट ओढतं आणि पुठ्ठा सरळ राहतो. हातकागदाचा ताव साच्यावर हाताने हलवून उचललेला, त्यात तंतू कसेही पडतात. तीन वर्षं तो वापरला, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मामांनी सांगितलं नसेल असं नाही. मी ऐकलं नसेल.

वर आणखी एक शहाणपणा. वह्या रात्रभर वजनाखाली ठेवायच्या, तर पावसामुळे सुकत नाहीत म्हणून तासाभरात काढून बल्बच्या कपाटात भरल्या. कागद भराभर सुकला, भराभर आकसला.

कव्हर सोलून काढायला वेळ नव्हता. एकच सुचलं: बाहेरचा कागद चुकीच्या दिशेने ओढतोय, तर आतूनही त्याच चुकीच्या दिशेने ओढणारं काहीतरी लावायचं. घरात खाकी कागदाचं भेंडोळं होतं. भेंडोळ्याचा ग्रेन नेहमी लांबीला, तेवढी खात्री होती. दोन वह्यांच्या अस्तरावर मुद्दाम ग्रेन आडवा ठेवून खाकी कागद चिकटवला, आणि त्या रगड्याखाली दाबल्या. आठ वाजता काढल्या. अगदी सपाट नव्हत्या, पण वही म्हणून देता येतील अशा होत्या.

उरल्या ११८. प्रत्येकीला दोन तुकडे.

सासूबाई काही न बोलता खळ लावायला बसल्या. रोज पोळ्यांना तूप लावणारा हात, माझ्यापेक्षा पातळ आणि सारखा थर देत होता. शेजारची मुलगी कापून देत होती. अडलं ते वजनापाशी. रगडा, पाटा, पाण्याने भरलेले कुकर, सगळं संपलं. शेजारी घराचं काम चाललंय, त्यांचे चिरे अंगणात रचलेले. नवऱ्याने एकेक उचलून आणला, खताच्या पिशवीत गुंडाळला आणि फळ्यांवर चढवला. मध्ये मध्ये उतरवून ओले पेपर बदलायचे, पुन्हा चढवायचे. दुपारी वीज गेली ती पाचला आली. त्या दिवशी जेवायला काय होतं ते आठवत नाही.

सातपर्यंत ७८ झाल्या. काका छत्री झटकत आत आले. मी आधीच सगळं सांगून टाकलं, तीन-चारचा हिशेब आणि वाचलेल्या चारशे रुपयांसकट. त्यांनी न सुधारलेल्यांपैकी एक उचलली, कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहिला.

"बाये, हें किदें गो?"

उत्तर द्यायचं काही राहिलं नव्हतं. मग त्यांनी खाकी अस्तराची एक घेतली, मधोमध उघडून जमिनीवर ठेवली आणि समोर मांडी घालून बसले. दोन्ही हात हवेत, टाळ धरल्यासारखे. जुजबंदीची, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने एकमेकांना जोडणारी शिवण असल्याने वही उघडीच राहिली, पान मिटलं नाही. त्यांनी दोन-तीन ठिकाणी असंच करून पाहिलं. पुठ्ठ्याकडे त्यानंतर बघितलंच नाही.

"या द्या," ते म्हणाले, म्हणजे सगळ्या ७८. पैसे ७८ चेच मोजून दिले, एक रुपया जास्त नाही. उरलेल्या ४२ समाप्तीच्या आधी हव्यात आणि त्या मात्र सरळ हव्यात, असं दोनदा बजावलं.

त्यातल्या ४१ चं कव्हर सोलून नव्याने केलं. त्याला चौदा ताव लागले, म्हणजे ५६० रुपये. बेचाळिसावी माझ्या टेबलावर आहे, हिशेबाला. पावसात तिचे कोपरे जरा खाली बसतात. पौषात हवा कोरडी झाली की पुन्हा उठतात.