एलएलएमला क्रिमिनल लॉ ग्रुप मिळवताना : माझा अनुभव

एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, क्रिमिनल लॉ घ्यायचं ज्यांनी ठरवलंय त्यांना सगळ्यात आधी हे सांगते: कार्यालयात जो कागद द्याल, त्याच्या तुमच्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. पेपर कोणते, गाइड (प्रबंधाचा मार्गदर्शक) कसा निवडायचा, ते पुढे सांगतेच. पण मला माझा ग्रुप, म्हणजे एलएलएमचा विशेष विषय, त्या शिक्क्यामुळे मिळाला, आणि ज्या तऱ्हेने तो मिळवावा लागला त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

एलएलबीनंतर काही वर्षं मी जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून काम केलं. रिमांड, जामीनअर्ज, विधी सेवा प्राधिकरणाकडून येणाऱ्या केसेस. आपल्या देशातल्या तुरुंगांत चारांपैकी जवळपास तीन माणसं कच्चे कैदी आहेत, त्यांचा खटलाच संपलेला नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्या पोरांच्या आया मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटायच्या. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल किंवा एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील, तर ही सवलत नाही. कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. हे प्रत्यक्षात किती होतं, यावर मला प्रबंध लिहायचा होता. त्यामुळे दुसरा कुठला ग्रुप घेण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रवेश परीक्षा, गुणवत्ता यादी, फी हे सगळं सुरळीत पार पडलं. मग ग्रुपची यादी लागली आणि माझं नाव बिझनेस लॉमध्ये होतं. पसंतीक्रमात मी पहिला क्रिमिनल लिहिला होता. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं, तर उत्तर मिळालं, “मॅडम, क्रिमिनलला कुणी आलंच नाही. तेवढ्यासाठी ग्रुप चालवता येत नाही.”

किती विद्यार्थी लागतात? “तसा नियम आहे.” कुठला नियम? “विद्यापीठाचा.” विद्यापीठाच्या पदव्युत्तर (पीजी) विभागात गेले, तर तिथले साहेब म्हणाले की ग्रुप चालवायचा की नाही हे कॉलेज ठरवतं, तिथून पत्र आणा. कॉलेज म्हणे, विद्यापीठाचं पत्र आल्याशिवाय आम्ही काही देत नाही. सही करणारे जागेवर नाहीत, जागेवर असले तर मीटिंगमध्ये. प्रत्येक टेबलावर तीच सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायची. मी रोज कोर्टात पक्षकारांना सांगत आले होते की तोंडी शब्दाला किंमत नसते, लेखी घ्या. आणि इथे कायदा शिकवणाऱ्या संस्थेत मला कुणी एक ओळ लिहून देत नव्हतं. एका कर्मचाऱ्याने तर समजुतीच्या सुरात सांगितलं, “बिझनेसला स्कोप आहे, मुलींना कंपनीत नोकरी मिळते.” मी त्यांना माझं वय आणि वकिलीची सनद दोन्ही सांगितलं.

या सगळ्यात वेळ जातो, आणि तो जाणं कार्यालयाच्या सोयीचं असतं. सुरुवातीचे पेपर सगळ्या ग्रुपना सारखेच असतात: संविधान, कायदा आणि सामाजिक परिवर्तन, न्यायिक प्रक्रिया, संशोधनपद्धती. वर्ग चालू होतात, आपणही बसू लागतो, ग्रुपचे पेपर अजून लांब असतात. तोवर ग्रुपबदलाची मुदत संपते आणि बहुतेक जण गप्प बसतात.

कोंडी फुटली ती वर्गातच. बोलता बोलता कळलं की बिझनेस लॉमध्ये घातलेल्या आमच्यापैकी बऱ्याच जणांची पहिली पसंती क्रिमिनलच होती, आणि प्रत्येकाला वेगवेगळं गाठून तेच सांगितलं होतं की तुमच्याशिवाय कुणी आलं नाही. त्या दिवशी मी खरोखर संतापले. आम्ही एक अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पसंतीक्रमाच्या पावत्या जोडल्या. “सामूहिक अर्ज चालत नाही,” म्हणून तो परत आला. मग प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज दिला. मजकूर एकच होता: ग्रुप सुरू करण्यासाठी किमान विद्यार्थिसंख्येची अट ज्या परिपत्रकात आहे, त्याची प्रत द्यावी. आवक-जावकच्या बाईंनी एकही शब्द न बोलता सगळ्या प्रतींवर शिक्के मारून दिले. त्या कार्यालयात मला भेटलेलं ते एकमेव सरळ माणूस. शिवाय मी माहिती अधिकाराचा अर्जही केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं.

उत्तराची मुदत संपण्याआधीच फोन आला, क्रिमिनलचा ग्रुप सुरू होतोय. परिपत्रक काही कुणी दाखवलं नाही. खरं कारण नंतर समजलं: तो विषय शिकवणाऱ्यांची जागा रिकामी होती. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आम्हीच कुणीतरी शोधायला मदत केली असती. शेवटी निवृत्त सरकारी वकील तासिका तत्त्वावर आले, आणि त्यांच्याइतकं मन लावून मला आजवर कुणी शिकवलेलं नाही.

आता निवडीबद्दल. ‘क्रिमिनल लॉ’ हे नाव ऐकून पुन्हा खून-दरोड्याची कलमंच शिकायची असं समजू नका. पिनॉलॉजी म्हणजे शिक्षाशास्त्र, बालगुन्हेगारी, अमली पदार्थ आणि मानवी हक्क, प्रिव्हिलेज्ड क्लास डेव्हिअन्स म्हणजे पदावरच्या आणि प्रतिष्ठित माणसांचे गुन्हे, असे पेपर या ग्रुपला असतात. तुमच्या विद्यापीठात यातले कोणते खरोखर शिकवले जातात ते आधी पाहा. पिनॉलॉजी मला सगळ्यांत आवडला. शिक्षा कशासाठी, हा प्रश्न कोर्टाच्या धावपळीत कुणी विचारत नाही. आपल्याकडे औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत सुरू केली होती, हे मला इतकी वर्षं सांगलीच्या बाजूला जाऊन-येऊनही या पेपरमुळे कळलं.

फॉरेन्सिकची ओढ असेल तर मात्र एलएलएम तुमच्यासाठी नाही. विज्ञानाची पदवी असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ किंवा मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन्सिक सायन्स बघा. कैद्यांसोबत, त्यांच्या कुटुंबांसोबत काम करायचं असेल तर टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) समाजकार्य जास्त जवळचं. त्यांचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून याच क्षेत्रात आहे.

एक राहिलंच. तुरुंगात जाऊन मुलाखती घ्यायच्या असतील तर प्रबंधाचा विषय मंजूर होताच परवानगीचा अर्ज करा. तो पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत जातो आणि सोबत गाइडच्या सहीचं पत्र, प्रश्नावली, ओळखपत्र लागतं. गाइडही असा निवडा जो अशा पत्रांवर लगेच सही करील. माझी परवानगी लांबत गेली तेव्हा मी सत्र न्यायालयातले जामिनाचे आदेश वाचून निम्मं काम पुढे नेलं. ते आदेश ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

आणि पुढे शिकवायचा विचार असेल तर नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) हा कायद्याहून वेगळा विषय आहे, फॉर्म भरताना दोन्हींचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून ठरवा. मी कायदाच घेतला.