लोहगडचा चुन्याचा घाणा, विसापूरची टाकी

महादरवाजा ओलांडला की बहुतेक लोक तडक विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब चिंचोळ्या सोंडेकडे निघतात. दर्ग्याबाहेरचा चुन्याचा घाणा वाटेतच असून मागे राहतो. आम्ही या खेपेला त्याच्यासाठीच गेलो होतो.

इंद्रायणी आणि पवना या दोन खोऱ्यांच्या मधल्या डोंगरावर हा गड आहे. महादरवाज्याचं काम नाना फडणवीसांनी १७९० ते १७९४ या काळात करून घेतलं. अशा बांधकामाचा चुना घाण्यात मळत. दगडी गोल चर, त्यात उभं फिरणारं जड दगडी चाक, चाकातून गेलेला लाकडी दांडा आणि त्याला जुंपलेला बैल. भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विरवायची, वाळू मिसळायची आणि बैल तासन्‌तास फिरवायचा. मळणी कमी झाली की दगडांमधला सांधा कच्चा राहतो नि पावसात सुटतो. मावळात तर पाऊस धो धो. इथली जमीन धुऊन निघते, त्यामुळे चुनखडीचे खडे मिळतात ते देशावरच्या कोरड्या नदीकाठांना. हे कळल्यावर दरवाज्यातला एकेक सांधा मी हात लावून पाहिला.

आता दगड. तो लांबून आणायची गरज नव्हती. गडावर पाण्याचं टाकं खोदताना निघालेला कातळच तटबंदीला वापरायची जुनी रीत. म्हणजे खाण आणि पाणीसाठा एकाच खड्ड्यात. शेजारच्या विसापूरवर हे फार छान उमजतं. तिथल्या टाक्यांच्या भिंतींवर छिन्नीचे घाव पाहा, मग तटाकडे पाहा. पठारावर एक मोठं दगडी जातंही आहे. माझ्या मते लोहगडापेक्षा विसापूरला जास्त वेळ द्यावा.

पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. दुपारी लोकल फार कमी असतात, म्हणून सकाळी लवकर निघा आणि परतीची वेळ आधीच पाहून ठेवा. मळवलीहून भाजे गावातून पायी वाट आहे. गाडी असेल तर थेट लोहगडवाडीपर्यंत जाते. वाटेत भाजे लेणी चुकवू नका, याच काळ्या कातळात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेली आहेत. लोहगड आणि विसापूर एका दिवसात होतात, पण चालायची सवय हवी. मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर एकच गड ठरवा.

पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळाच. गर्दी तर असतेच, शिवाय गवत माजतं आणि पायऱ्या शेवाळतात. दगडकाम पाहायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत विसापूरच्या पठारावर सावली नसते, पाणी भरपूर न्या.

घाण्याच्या चरात आम्हाला प्लास्टिकच्या बाटल्या सापडल्या, त्या खाली आणल्या. तुम्हीही एक रिकामी पिशवी सोबत ठेवा. २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला आहे, आणि हा घाणाही त्याच वारशाचा भाग आहे. त्यावर बसून फोटो काढू नका, कोणी काढत असेल तर थांबवा.