सहा तास

"जवळ येऊ नकोस गं, माझ्या अंगात रेडिएशन आहे," बोन स्कॅनहून आल्यावर आई नातीला म्हणाली आणि खुर्ची घेऊन पार खिडकीपाशी जाऊन बसली.

मी सांगितलं, स्कॅनसाठी टोचलेल्या किरणोत्सारी टेक्नेशियमचं अर्धायुष्य 6 तास, म्हणजे दर 6 तासांनी ते निम्मं होतं, शिवाय बरंचसं लघवीतून जातं, उद्या सोळावा हिस्साही उरणार नाही. तर म्हणाली, "थोड्याने काहीच होत नाही ना, नक्की?"

तिथे मी अडले. 100 मिलीसिव्हर्टच्या (हे रेडिएशनच्या डोसचं माप) खाली धोका इतका कमी की अभ्यासात धड वेगळा दिसतच नाही, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मोठ्या डोसांच्या आकड्यांवरून रेघ खाली छोट्या डोसांपर्यंत ओढायची आणि अंदाज करायचा. आईचा स्कॅन जेमतेम 4-5.

लेक अजून दारातूनच तिला हात करतेय. इंजेक्शन देताना पाच मिनिटं बसून एवढं कुणी तिला सांगायला नको होतं का?