पहिलं ऑइल

नाशिकला मायको सर्कलच्या सिग्नलला उभी होते. एप्रिल, दुपारचे अडीच, स्कार्फच्या आत तोंड शिजतंय आणि पुढच्या रिक्षाचा धूर थेट नाकात. सहज मीटरकडे नजर गेली. ४९९. सिग्नल सुटला, आणि पुढच्या चौकाच्या आत ५०० पडले. मी स्कूटर कडेला घेतली आणि नुसती त्या आकड्याकडे बघत बसले. शेजारी रसवंती होती. रसवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. मग घ्यावाच लागला एक ग्लास, बिनबर्फाचा.

स्कूटर पाडव्याला घेतली. म्हणजे नाव लेकीचं, हप्ते माझे. सकाळी ती कॉलेज रोडला घेऊन जाते, दुपारी जेवून झोपते, तेवढे दोन तास माझे. आणि ५०० आकड्याचं एवढं अप्रूप असण्याचं कारण म्हणजे नाना, माझे वडील. घ्यायच्या दिवशीच बजावून ठेवलेलं, "पाचशेला ऑइल काढायचं. एक किलोमीटर वर नाही."

"पण आजोबा, पुस्तकात साडेसातशे किंवा एक महिना लिहिलंय," लेक म्हणाली.

"लिहू दे."

"आता इंजिनं कॉम्प्युटरवर बनतात."

"बनू देत. घासतात कशावर?"

नाना सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. रिटायर होऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण टूलरूम काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. अजून कुणी लग्नाची पत्रिका दिली तरी आधी कागदाची जाडी बोटांनी बघतात, मजकूर मागाहून.

आमच्याकडे बजाजची स्कूटर आली १९८३ साली. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की आई ती गोष्ट विसरूनही गेली होती. आल्यावर पहिला महिना आम्ही तिघं नानांच्या मागे-पुढे बसून नाशिकमधून असे फिरलो की सायकलवाले आम्हाला ओलांडून जाताना वळून बघायचे. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. गाडी रनिंगला आहे! हे वाक्य नाना इतक्या अभिमानानं म्हणायचे, जसं काही घरात कुणी पहिलटकरीण आहे.

त्या स्कूटरला इंजिन ऑइल असं वेगळं नव्हतंच. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला वीस मिली, आणि निळा धूर होऊन मागच्या माणसाच्या नशिबी यायचं. बदलायचं ते गिअर ऑइल. रविवारी सकाळी नाना गंजीफ्रॉकवर अंगणात बसायचे. गाडी आधी एक चक्कर मारून गरम केलेली, कारण गार ऑइल आळसावलेलं असतं, सगळं उतरत नाही. खाली आईची जुनी अ‍ॅल्युमिनियमची परात. ही परात जुनी आहे की चालू वापरातली यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही. नट सुटला की आधी एक जाड धार यायची, मग बारीक, मग थेंब. थेंब तर बराच वेळ. नाना तेवढा वेळ बिडी ओढायचे आणि आम्हाला परातीच्या जवळ येऊ द्यायचे नाहीत. मग खरा कार्यक्रम. कुठल्याशा मोडक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक सुतळीला बांधून त्या ऑइलमधून सावकाश फिरवायचे. वर काढलं की चुंबकाला मिशा फुटलेल्या असायच्या. करड्या, मऊ, ओल्या मिशा.

"हे काय आहे माहितीये? गाडीचे दुधाचे दात."

दातांना मिशा कशा, हा प्रश्न मला पडायचा, पण विचारायची छाती नव्हती.

नव्या इंजिनाचं असं का होतं, ते मला नानांपेक्षा आजीच्या जात्यानं आधी कळलं. आजी निफाडकडे. उन्हाळ्यात वर्षाआड टाकीवाली यायची. "टाकीऽऽ" अशी लांबून हाक, मग लिंबाखाली बैठक, फांदीला तिच्या बाळाची झोळी. जात्याच्या दोन्ही तळ्या उलट्या करून ती छिन्नी-हातोडीनं टक-टक सुरू करायची. गुळगुळीत झालेल्या दगडावर पुन्हा बारीक खळगे. डोळे बारीक केलेले, पापण्यांवर दगडाची पांढरी पिठी, आणि एक घाव चुकीचा नाही. मला तो आवाज इतका आवडायचा की दुपारची झोप सोडून मी समोर उकिडवी बसायचे. पैसे, भाकरी आणि वर मूठभर जुने गहू घेऊन ती गेली की आजी लगेच जातं मांडायची आणि पहिली पसाभर बाजरी दळायची. ते पीठ परातीत नाही, थेट कोंबड्यांना. दुसरी पसाभर तीही कोंबड्यांना. तिसऱ्यापासून घरातली माणसं. एकदा आजीचा डोळा चुकवून मी त्या पहिल्या पिठाची चिमूट तोंडात टाकली होती. त्या कचकचीनं अजून दाढेत शिरशिरी येते.

सिलिंडरचंही तसंच, असं नाना सांगायचे. आतून तो आरशासारखा गुळगुळीत असेल असं आपल्याला वाटतं. नसतो. त्याला होनिंग करून मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारतात, त्यात ऑइल धरून राहावं म्हणून. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासत घासत बसतात, रेघांची टोकं झिजतात, आणि तो सगळा चुरा जातो ऑइलमध्ये. म्हणजे टाकी लावलेलं जातंच ते. पहिलं दळण माणसांनी खायचं नसतं.

आता कंपनीवाले साडेसातशे म्हणतात ते काही वेडे नाहीत. तेवढ्यानं इंजिन मरत नाही हे नानांनाही ठाऊक आहे. पण आजीनं दुसरी पसाभर कोंबड्यांना का घातली असती?

मध्यंतरी वणीचा प्रश्न आला. नाशिकमध्ये नवी गाडी आली की एकतर नवश्या गणपती नाहीतर थेट सप्तशृंगी. सासूबाईंनी देवीच बोलली होती. म्हणजे दिंडोरीवरून साठेक किलोमीटर, वर नांदुरीचा घाट, डबलसीट. नानांना फोनवर सांगितलं तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "रनिंगमधली गाडी घाटात पिळायची? देवीला तरी पटेल का?" शेवटी तोडगा निघाला. आम्ही मायलेकी नांदुरीपर्यंत स्कूटरवर गेलो, ती पायथ्याला एका नारळवाल्याच्या ओळखीवर लावली आणि गडावर एसटीनं. दर्शन झालं, पण ज्या गाडीसाठी गेलो ती खालीच. सासूबाईंना हे कसं सांगायचं म्हणून लेकीनं कुंकवाची पुडी खाली आणून हँडलला, टायरला आणि सीटच्या खाली इंजिनाच्या दिशेनंही लावलं. जाता-येता नानांचा दुसरा नियम पाळत होतो, एकाच वेगानं चालवायची नाही. कधी तीस, कधी पंचेचाळीस, मध्येच सोडून द्यायची. दिंडोरीच्या पुढे एक ट्रॅक्टरवाला आम्हाला तीनदा ओलांडून गेला आणि तिसऱ्यांदा त्यानं काळजीनं विचारलं, "ताई, काही प्रॉब्लेम आहे का गाडीला?"

तर रस पिऊन झाल्यावर मी थेट सर्व्हिस सेंटरला गेले. पूर्वी मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहता यायचं. नाना तर त्याच्या हातातला पाना घेऊन "असं नाही, असं" करायचे आणि तो बिचारा चहा मागवायचा. आता काच असते. काचेच्या अलीकडे एसी, सोफा, कॉफीचं मशीन. पलीकडे चार-पाच स्कूटर उंचावर चढवलेल्या आणि पोरं त्यांच्याखाली. टॅब घेतलेला एक मुलगा आला. अजून मिसरूड फुटत होतं.

"मॅडम, पाचशेलाच? अजून अडीचशे बाकी आहेत."

"करून टाक."

"लेबर फ्री आहे, ऑइलचे पैसे लागतील."

"चालेल. आणि निघालेलं जुनं ऑइल मला बाटलीत दे."

तो टॅबवर टाइप करता करता थांबला. टॅबमध्ये तसा रकाना नसावा. "जुनं? ते कशाला?"

"वडलांना दाखवायचंय."

मुतखडे काढल्यावर लोक नाही का ते बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवतात, तसं काहीतरी त्याला वाटलं असावं. मान हलवून आत गेला. मी काचेला नाक लावून उभी राहिले. दिसलं फार काही नाही. पोरं एका मोठ्या ट्रेमध्ये एकामागून एक गाड्यांचं ऑइल सोडत होती आणि ट्रे भरला की निळ्या पिंपात. तासाभरानं मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला, पाऊण भरलेली, बाहेरून पुसलेली. मला इतकं बरं वाटलं की त्याला वीस रुपये द्यायला गेले. घेतले नाहीत.

बाटली पायाशी धरून सातपूर कॉलनीत पोहोचले. गेट ढकललं. ते नेहमीप्रमाणे किंचाळलं आणि आतून आईचा आवाज आला, "आली का गं?"

नाना ओट्यावरच होते. आधी बिल मागितलं. चष्मा चढवून वाचलं. "टेन-डब्ल्यू-थर्टी. एमबी. बरोबर. मोटरसायकलचं एमए नाही घातलं. त्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, हिचा कोरडा." मग पेटीतून चुंबक आलं. तेच, सुतळी बदललेली. वाटीत ऑइल ओतलं. चुंबक बुडवलं, फिरवलं, फिरवलं, वर काढलं.

स्वच्छ. एक केससुद्धा नाही.

नानांनी ते पुसलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा काही नाही. मग दोन बोटांत ऑइल घेऊन चोळलं, उन्हात धरलं. काजळ. नव्या इंजिनाच्या ऑइलमध्ये उन्हात धरल्यावर एक चमचम दिसते, चंदेरी रंगात बोट बुडवल्यासारखी. ती नाहीच.

"कुणाचं आहे हे?"

"म्हणजे? आपलंच."

"हे पाचशेचं नाही. हे तीन-चार हजार पळालेलं आहे. कुणाचं तरी भरून दिलंय तुला."

उठले. स्कूटर मेन स्टँडवर लावायला सांगितली. ऑइलची पातळी बघायचा दट्ट्या काढून पुसला, आत नुसता टेकवला, फिरवला नाही, वर काढून बघितला. खुणेपर्यंत मधासारखं, आरपार. "बदललंय. नवंच आहे. पण हे तुझं नाही," वाटीकडे बोट.

म्हणजे आमच्या गाडीचे दुधाचे दात त्या निळ्या पिंपात, आणि मी एवढ्या उन्हातून कुणा परक्याचं म्हातारं ऑइल सांभाळत आणलं. मला हसू आवरेना. नानांना बिलकूल आलं नाही. ते पुन्हा पुन्हा वाटीत बघत होते, बहुतेक त्या दुसऱ्या गाडीच्या मालकाची काळजी करत. एवढं काळं होईपर्यंत चालवतं का कुणी?

ऑइल गटारात ओतायचं नाही हा त्यांचा फार जुना नियम. जुना दाढीचा ब्रश आणला आणि गेटच्या दोन्ही बिजागऱ्यांना मनसोक्त पाजलं. दोनदा उघडून-मिटून बघितलं. आवाज बंद.

लेकीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. आई मात्र तेव्हापासून कुरकुरतेय. गेट वाजत नाही, कोण आलं-गेलं काही कळत नाही म्हणते.