ऋण कुणाचं, सोडायचं कुणी

आमच्या कामात अफरातफर अनेकदा सापडते ती माणूस रजेवर गेल्यावर. वर्षानुवर्षं मोठी रजा न घेणारा रोखपाल दिसला की लोक त्याचं कौतुक करतात आणि लेखापरीक्षकाने त्याची पावतीपुस्तकं मागवायची असतात. मी मागवली नव्हती. तीन वर्षं त्या संस्थेचे हिशेब तपासत होते, तरी नाही. रोखपाल काका माझ्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. उपासनेला आमच्या पुढच्या बाकावर बसायचे. त्यांच्याकडे पावतीपुस्तक मागायची मला लाज वाटायची.

संस्था ख्रिस्ती, सेवाभावी, मुलांचं वसतिगृह चालवणारी. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. हिशेबाचा भाग मात्र जसा होता तसाच लिहिते.

काकांच्या घरी शस्त्रक्रिया निघाली आणि ते चार दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी एक आई थकबाकीचं पत्र हातात घेऊन कार्यालयात आली. कारकून तिला म्हणाला, "बाई, पैसे भरले असते तर वहीत दिसले असते." तिने वाद घातला नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून एक पावती काढली आणि टेबलावर तळहाताने सपाट केली. चार घड्या पडलेल्या, घडीवरची शाई उडालेली. पण क्रमांक, तारीख आणि काकांची सही स्वच्छ दिसत होती. ४ तारखेला तिने पूर्ण हप्ता रोख भरला होता. तिच्या खात्यावर जमा दिसत होती १९ तारखेची, तीही निम्मीच.

लोकांना वाटतं, पैसे खाणारा खोटी बेरीज करतो. तसं नसतं. एका पालकाचे रोख पैसे खिशात जातात. दोन आठवड्यांनी दुसऱ्याने भरलेले पैसे पहिल्याच्या खात्यावर चढवायचे, दुसऱ्याचं भगदाड तिसऱ्याच्या पैशांनी बुजवायचं. याची टोपी त्याला. बेरीज रोज जुळते, बँकेची शिल्लक जुळते, फक्त कुणाचं ना कुणाचं खातं सतत उघडं राहतं. म्हणून तर रजा घेता येत नाही. हे पकडायचा मार्ग कंटाळवाणा आहे: बँकेत भरणा केलेल्या प्रत्येक स्लिपचं काउंटरफॉइल, म्हणजे आपल्याकडे राहणारा भाग, काढायचं, त्यात रोख किती आणि धनादेश कुणाचे ते बघायचं, आणि त्या दिवशी कुणाकुणाच्या खात्यावर जमा चढली ते शेजारी ठेवायचं. १९ तारखेला त्या आईच्या नावे "रोख" लिहिलं होतं. बँकेत त्या दिवशी रोख गेलीच नव्हती. गेला होता एका दुसऱ्याच वडिलांचा धनादेश. संध्याकाळपर्यंत अशा तेवीस पावत्या सापडल्या. रकमेचा अंदाज काढला तर काकांचा साधारण चार महिन्यांचा पगार.

आता काय करायचं, याबद्दल आमच्या व्यवसायाचं उत्तर ठरलेलं आहे. संशयिताला सुगावा लागू द्यायचा नाही, थेट वरिष्ठांना कळवायचं. आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशू सांगतो: तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, तुम्ही दोघेच असताना त्याला तो दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. मग मंडळीला सांग. हा क्रम मी लहानपणापासून पाठ केलेला. तो दोन माणसांमधल्या अपराधाबद्दल आहे, संस्थेच्या पैशांबद्दल नाही, असं स्वतःला समजावता आलं असतं. रात्रभर तेच करत होते. पण मग सोमवार ते शनिवार चालणारा येशू आपल्याकडे उरतो कुठे?

मी दोन्ही केलं. पावतीपुस्तकं आणि काउंटरफॉइलं कपाटात घातली, कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. आणि सकाळी काका आले तेव्हा कुणालाही काही सांगण्याआधी त्यांच्याकडे गेले.

मी ती आई आणि तिची पावती एवढंच सांगितलं. ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग खणातल्या गाण्याच्या पुस्तकाखालून एक छोटी वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यात तारीख, पालकाचं नाव, रक्कम, कुणाचे पैसे कुणाला लावले, सगळं बारीक अक्षरात. शेवटचा रकाना "परत". त्यात सुरुवातीला चार-पाच खुणा होत्या, पुढे सगळा कोरा. आजारपणासाठी उचललेली पहिली रक्कम त्यांनी खरोखरच परत केली होती. दुसरी केली नाही.

त्यांची बेरीज माझ्यापेक्षा जास्त निघाली. सवयीने मी फरक नऊने भागून पाहिला, कारण आकड्यांची अदलाबदल झाली असेल तर फरक नऊने भागला जातो. भागला गेला नाही. मला न सापडलेल्या दोन पावत्या त्यांनी लिहून ठेवल्या होत्या. बोट ठेवून दाखवल्या.

मग त्यांनी विचारलं, "आधी कागद उचललेस आणि मग माझ्याकडे आलीस, ना?"

मी हो म्हणाले.

दुपारी समितीची बैठक झाली. ती बैठक माझ्या डोक्यातून जात नाही. सदस्य भले लोक आहेत, पण ख्रिस्ती संस्थांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे: पैसे मोजणं म्हणजे अविश्वास, असं मानतात. येशूच्या बारा शिष्यांतही डबी ज्याच्याकडे होती तो तीतले पैसे काढत असे, हे योहानाने आपल्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. तरीही आपली माणसं म्हणून मोजायचं नाही! अध्यक्ष म्हणाले, "प्रभूने साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितली. हे इथेच मिटवू, अहवालात नको." एक सदस्य म्हणाले, पोलिसांत द्या. दोघांच्याही बोलण्यात त्या आईचं नाव नव्हतं.

मी हिशेबनीस आहे, पाळक नाही. पण साताच्या सत्तर वेळा म्हटल्यावर येशू लगेच जो दाखला सांगतो, तो हिशेबाचाच आहे. एका राजाला आपल्या दासांचा हिशेब घ्यावासा वाटला, अशी सुरुवात. आधी आकडा निघतो, मग तो सोडला जातो. पण ज्या दासाचं ऋण राजाने सोडलं, तोच बाहेर जाऊन दुसऱ्या दासाला शंभर दीनारांसाठी धरतो. हा दाखला फक्त मत्तयात आहे, आणि मत्तय जकात नाक्यावरून उठून आलेला माणूस. त्याच्या लक्षात आकडे राहिले याचं मला नवल वाटत नाही. दहा हजार तालांत: एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एकूण सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस धरले तर दोन लाख वर्षांचं काम. उलट दुसऱ्या दासाचे शंभर दीनार आपण प्रवचनात किरकोळ म्हणून सोडून देतो. ते किरकोळ नाहीत. ती शंभर दिवसांची मजुरी आहे, जवळजवळ काकांनी उचलली तेवढीच. त्या पहिल्या दासाला सोडायची होती ती रक्कम खरोखर मोठी होती.

हे मी समितीपुढे बोलले. पुढे म्हणाले, की ऋण ज्याचं आहे त्यालाच सोडता येतं. संस्थेचे पैसे गेले, ते सोडायचे की कसे, ते तुम्ही ठरवा. पण ज्या आईला आपण थकबाकीदार म्हणून पत्र पाठवलं, तिच्या वतीने क्षमा करणारे आपण कोण? अपराध कागदावर आला नाही, तर क्षमा नेमकी कशाची केली?

आणि आणखी एक बोलले, जे कुणालाच आवडलं नाही. पैसे घेणं, पावती फाडणं, खात्यावर चढवणं, बँकेत भरणं, ही चारही कामं एकाच माणसाकडे दिली होती, अकरा वर्षं. रोख वहीवर दर महिन्याला सचिवांची सही होती, पण रोख मोजून कुणी पाहिली नव्हती. मीही पाहिली नव्हती. प्रभूच्या प्रार्थनेत "आमची ऋणे आम्हांला सोड" याच्या लगेच पुढची ओळ आहे: "आम्हांला परीक्षेत आणू नको." ते आपण रोज देवाकडे मागतो आणि काकांना मात्र रोज सकाळी पेटीची किल्ली देऊन एकटं बसवतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत हे मुसळ होतं. पैसे घेणारा एक आणि नोंद करणारा दुसरा, एवढी साधी व्यवस्था हा अविश्वास नाही. मला तर ती शेजाऱ्यावरची प्रीती वाटते.

शेवटी झालं ते असं. अहवाल पूर्ण गेला, एक शब्द न गाळता. काकांना रोखीच्या कामावरून काढलं, पोलिसांत दिलं नाही, रक्कम हप्त्याने फेडायची असं लिहून घेतलं. पंचवीस घरांना खातं दुरुस्त केल्याची पत्रं गेली, सचिवांच्या सहीने, माफी मागून. ते माफीचं वाक्य घालायला दोन तास लागले. पैसे देण्यापेक्षा "आमचं चुकलं" हे लिहिणं संस्थांना जड जातं.

काका पुन्हा उपासनेला आले नाहीत. पुढच्या बाकावर त्यांची जागा रिकामी असते, कुणी मुद्दाम बसत नाही. मला शुभवर्तमानातला जक्कय आठवतो, लोकांनी पापी ठरवलेला श्रीमंत जकातदार. त्याने चौपट परत करीन म्हटलं खरं, पण त्याआधी येशू त्याच्या नावाने हाक मारून त्याच्या घरी उतरला होता. आधी घर, मग हिशेब. मी आधी कपाटाला कुलूप लावलं. आजही तेच करीन, कारण त्या दिवशी ती कागदपत्रं गेली असती तर पंचवीस घरं खोटी ठरली असती. तरी काकांचा तो प्रश्न विसरता येत नाही. मी त्यांच्याकडे बहीण म्हणून गेले होते की पुरावा सुरक्षित असलेली लेखापरीक्षक म्हणून? मत्तयाच्या त्याच अध्यायात, न ऐकणाऱ्याला जकातदारासारखा समज, असंही आहे. आणि येशू जकातदारांच्या पंक्तीला जेवायला बसत असे.

काका तर ऐकणारे होते. आपणहून वही पुढे करणारे.

गेल्या आठवड्यात मी त्यांना फोन केला. हालहवाल झाली. मग त्यांनी विचारलं, "त्या दोन पावत्या बरोबर खात्यांवर लागल्या का?"

"लागल्या, काका."

"आणि त्या बाईंचं पत्र?"

"ते मी स्वतः नेऊन दिलं."

ते बरं म्हणाले. मी येऊ का, हे विचारायचं ठरवून फोन लावला होता. ते न विचारताच ठेवला.